डोंगर नसलेल्या गावात सस्पेन्शन कसं ट्यून करायचं? देवळीच्या रस्त्यांवरचे चार पट्टे

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘काय ना’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय एका प्रश्नातून आलाय. एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली: “दादा, मी देवळीचा. माउंटन बाइक घेतली, पण पंधरा-वीस मिनिटांतच करंगळीला मुंग्या येतात. फोर्क बेकार आहे असं सगळे म्हणतात. नवीन टाकू का? आणि सेटिंग करायचं म्हटलं तर आपल्याकडे डोंगर कुठंय?”

मी पण देवळीचाच. बीटेक झालं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि घरून काम असलं की सकाळी सायकल काढतो. त्यामुळे हा प्रश्न मला एकदम ओळखीचा वाटला. नवीन फोर्क म्हणजे कधीकधी सायकलीच्या निम्म्या किमतीचा खर्च. तो करायच्या आधी आहे तो फोर्क नीट तपासला पाहिजे. आणि माझं म्हणणं असं आहे की तपासायला डोंगर लागत नाही. आपली सपाट, काळ्या मातीची देवळी या कामाला बऱ्याच अंशी चांगलीच आहे. कशी, ते सांगतो.

आधी एवढं समजून घ्या

सस्पेन्शनमध्ये दोन मुख्य गोष्टी. एक स्प्रिंग, दुसरा डॅम्पर. स्प्रिंग धक्का साठवते, डॅम्पर त्याची गती आवरतो. स्प्रिंग लोखंडी गुंडाळीची असते किंवा हवेची. डॅम्परमध्ये तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं. डॅम्पर नसेल तर फोर्क चेंडूसारखा उड्या मारत राहील.

आता सेटिंग्ज. पहिलं सॅग. तुम्ही नुसते सायकलवर बसलात की फोर्क किती दबतो, ते सॅग. १०० मिमीचा फोर्क २० मिमी दबला, तर सॅग २० टक्के. क्रॉस-कंट्री प्रकारच्या सायकलला पुढे साधारण १५ ते २० टक्के, थोड्या दणकट ट्रेल बाइकला २० ते २५ टक्के, मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के, अशी सुरुवात धरतात. दुसरं रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं परत वर येतो. तिसरं कॉम्प्रेशन, म्हणजे दबताना किती अडवतो.

आपल्याकडच्या कमी बजेटच्या सायकलींमध्ये बहुतेक वेळा लोखंडी स्प्रिंगचा ८० किंवा १०० मिमीचा फोर्क असतो. वर एका बाजूला प्रीलोडची गोल खुंटी, दुसऱ्या बाजूला असलाच तर लॉकआउट. रिबाउंडचा नॉब नसतो. इथे एक गैरसमज फार आहे. प्रीलोड फिरवला की स्प्रिंग कडक होते असं लोकांना वाटतं. होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त ती आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते. त्यामुळे सॅग बदलतं, स्प्रिंगचा कडकपणा नाही. तुमचं वजन ५० किलो किंवा ९५ किलो असेल आणि कंपनीनं स्प्रिंग मधल्या वजनासाठी टाकली असेल, तर खुंटी कितीही फिरवा, उपयोग मर्यादितच.

चांगला टेस्ट ट्रेल म्हणजे सगळ्यात अवघड ट्रेल नव्हे

यूट्यूबवर व्हिडिओ बघितले की वाटतं, सस्पेन्शन टेस्ट म्हणजे दगडधोंड्यांतून उड्या. पण विचार करा. कोडमध्ये बग शोधायचा असेल तर तुम्ही पूर्ण सिस्टीम एकदम चालवून “काहीतरी बिघडलंय” म्हणता का? नाही. एका वेळी एक तुकडा तपासता. ट्रेलचंही तसंच. लांबलचक, मजेदार ट्रेलवर दहा गोष्टी एकदम घडतात. वळण, ब्रेक, दगड, तुमचा मूड. शेवटी हात दुखला तर नेमका कशानं दुखला हे कळत नाही.

म्हणून टेस्टच्या पट्ट्यासाठी माझ्या पाच अटी आहेत:

१. छोटा असावा. अर्धा ते दीड मिनिट. आधीची फेरी लक्षात असतानाच पुढची झाली पाहिजे.
२. त्यात एकच प्रश्न असावा. नुसते बारीक हादरे, किंवा नुसता एक मोठा धक्का.
३. तोच पट्टा, त्याच वेगानं पुन्हा करता यावा.
४. परत सुरुवातीला सहज येता यावं.
५. शेवटी थांबायला मोकळी जागा असावी. पुढे हायवे किंवा विहीर असेल तर तो पट्टा बाद.

ही कल्पना माउंटन बाइकिंगइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एकाच कच्च्या उतारावरून पुन्हा पुन्हा खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. उताराचं नाव रीपॅक. उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून रीपॅक. तोच उतार, तेच वळण, वेळेची नोंद. कोणता पार्ट टिकतो आणि कोणता तुटतो, हे अशा ठिकाणी लगेच कळतं. सस्पेन्शन फोर्क नंतर आला. रॉकशॉक्सचा आरएस-१ हा फोर्क १९८९ चा.

देवळीचे चार पट्टे

आता आपल्या गावात येऊ. जागेचं पिन लोकेशन देणार नाही. का ते पुढे सांगतो. पण असे पट्टे देवळीच्या चारही बाजूंना सापडतील, आणि वर्ध्यात, पुलगावात, हिंगणघाटातही.

पट्टा एक: गुळगुळीत डांबर आणि एक ब्रेकर. गावातला आतला, कमी वर्दळीचा रस्ता घ्या. हायवे नको. इथे आधी सॅग मोजायचं. फोर्कच्या चकचकीत नळीवर रबरी रिंग असते. नसेल तर बारीक केबल-टाय सैलसर बांधा. रिंग खाली सरकवा, भिंतीला टेकून नेहमीच्या बॅगेसकट सायकलवर बसा, न हलता उतरा, पट्टीनं मोजा. मग उभं राहून पेडल मारा. फोर्क प्रत्येक पेडलला डुचमळतो का? मग ब्रेकरवरून सावकाश जा. चाक खाली आल्यावर फोर्क एकदा वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीनदा झुलला तर रिबाउंड फार वेगवान आहे.

पट्टा दोन: मुरमाचा लाटालाटांचा रस्ता. मुरूम टाकलेल्या रस्त्यावर ट्रॅक्टर-गाड्या गेल्या की आडव्या लाटा पडतात, पत्र्याच्या शेडसारख्या. गाडीवाले शिव्या घालतात, पण रिबाउंड तपासायला यासारखी जागा नाही. हिशोब बघा. लाटा अर्ध्या मीटरवर आहेत आणि तुम्ही ताशी १८ किमीनं जाताय, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. सेकंदाला १० धक्के. एका धक्क्यानंतर फोर्कला परत यायला फक्त दशांश सेकंद मिळतो. रिबाउंड फार हळू असेल तर तो पूर्ण वर यायच्या आत पुढची लाट येते. मग आणखी थोडा दबतो, मग आणखी. चार-पाच लाटांत फोर्क खालीच अडकून बसतो आणि दगडासारखा कडक लागतो. तुम्हाला वाटतं, “स्प्रिंग कडक आहे, हवा काढू.” हवा काढली की आणखी वाईट होतं. खरं औषध असतं रिबाउंड दोन क्लिक मोकळं करणं.

पट्टा तीन: पांदण रस्त्याची चाकोरी. ‘चाकोरी’ हा शब्द आपण भाषणात वापरतो, पण मूळ चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकानं पाडलेली खाच. दिवाळीनंतर काळी माती वाळली की पांदणीवर खाचा, ढेकळं, खुरांचे खड्डे सगळं टणक होऊन बसतं. धक्के बारीक, अनियमित. इथे फोर्कपेक्षा जास्त उत्तर टायर देतो. टायरमध्ये हवा ठासून भरलेली असेल तर फोर्क कितीही महाग असो, हात बधिर होणारच. म्हणून या पट्ट्यावर आधी टायरचं प्रेशर ३ पीएसआयच्या पायरीनं कमी करून बघा. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. ट्यूबवाला टायर फार सैल झाला तर रिम ट्यूबला चावते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. आणि हो, खोल चाकोरीत पुढचं चाक अडकलं तर हँडल वळतच नाही. मधल्या उंचवट्यावरून जा, वेग कमी ठेवा.

पट्टा चार: नाल्यातली उतरण आणि रपटा. आपल्याकडे नाल्यावर रपटा असतो. खाली उतरा, सिमेंटवरून जा, वर चढा. उतरून रपट्याच्या काठावर चाक आदळतं, तो एकच मोठा धक्का. आधी रिंग खाली सरकवा, जा, थांबून बघा. १०० मिमीच्या फोर्कमध्ये रिंग ८५–९० मिमीपर्यंत गेली तर छान, प्रवास वापरला जातोय. दर वेळी टोकाला जाऊन ‘ठक्’ असा आवाज येत असेल तर स्प्रिंग मऊ आहे. ५० मिमीच्या पुढे जातच नसेल तर कडक आहे, किंवा आत गंज नि धूळ बसलीय. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर टेस्ट रद्द. पाणी घोट्याइतकं दिसलं तरी खाली शेवाळ असतं आणि यशोदेला मिळणारे नाले पावसात कधी फुगतील नेम नाही.

हे चार झाल्यावर, आणि झाल्यावरच, तीन-चार किलोमीटरची एक मिश्र फेरी मारा. आधी युनिट टेस्ट, मग इंटिग्रेशन टेस्ट.

फेरी मारायची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सगळ्यांना माहीत असतं, पाळत कोणी नाही. टायरची हवा आणि रिबाउंड एकदम बदललं तर फरक कशानं पडला, सांगता येणार नाही.

क्रम असा ठेवा: जुनं सेटिंग, नवीन सेटिंग, पुन्हा जुनं. शेवटची फेरी महत्त्वाची. कारण दुसऱ्या फेरीला तुम्हाला रस्ता पाठ झालेला असतो, अंग गरम झालेलं असतं, म्हणून ती नेहमी बरीच वाटते. जुन्या सेटिंगवर परत आल्यावर पुन्हा वाईट वाटलं, तरच फरक खरा. जमलं तर मित्राला नॉब फिरवायला सांगा आणि किती फिरवला हे त्यानं सांगायचं नाही. बघा किती वेळा ओळखता.

वेग सारखा ठेवायला १०० मीटरच्या दोन्ही टोकांना खूण करा. १०० मीटर २० सेकंदांत म्हणजे ताशी १८ किमी. गिअर तोच ठेवा.

फोननं मोजता येतं का?

येतं. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं. ते फोनमधल्या सेन्सरचे आकडे दाखवतं आणि साठवतं. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपनं खास परवानगी मागितली नसेल तर सेन्सर सेकंदाला २०० वाचनांवर मर्यादित असतो. म्हणजे १०० हर्ट्झपर्यंतचे हादरे दिसू शकतात. आपल्या मुरमाच्या लाटा १० हर्ट्झच्या. भरपूर झालं.

पण दोन सूचना. एक, चांगला फोन हँडलला बांधू नका. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये सांगितलं होतं की मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली हलणारी लेन-व्यवस्था खराब होऊ शकते. सायकलीचे हादरे वेगळ्या जातीचे, पण लाटांच्या रस्त्यावर धोका कशाला घ्या. घरातला जुना फोन वापरा, घट्ट बांधा, दर वेळी त्याच जागी. दोन, एकाच सेटिंगवर तीन फेऱ्या मारा आणि आकडे किती पुढे-मागे होतात ते बघा. तो तुमचा नॉइज. नवीन सेटिंगचा फरक त्याहून लहान असेल तर तो फरक नाहीच. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना तर बिलकुल नको. त्याचा रस्ता वेगळा, वजन वेगळं.

आपला उन्हाळा आणि आपली माती

हवेचा फोर्क असेल तर हे नीट ऐका. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत ८० पीएसआय भरलं. मे महिन्यात दुपारी ४३ अंश. हवा तीच, तरी प्रेशर वाढतं. गणित निरपेक्ष तापमानात करायचं: २८८ केल्विनचे ३१६ केल्विन झाले. ८० मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवा, ९४.७. त्याला ३१६ भागिले २८८ नं गुणा, १०३.९. पुन्हा १४.७ वजा करा. उत्तर साधारण ८९. म्हणजे हात न लावता ९ पीएसआय वाढले. शिवाय तेल पातळ होतं, म्हणून रिबाउंडही वेगवान होतं. थोडक्यात, विदर्भात सेटिंग वर्षातून किमान दोनदा तपासायचं. आणि टेस्ट सकाळी करायची. मे महिन्याच्या दुपारी सायकल नको, उष्माघात सस्पेन्शन बघत नाही.

आता माती. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. एप्रिल-मेमध्ये भेग टायरच्या दिशेनं लांब पडलेली असेल तर दोन इंची टायर तिच्यात धरला जाऊ शकतो. आधी पायी चालून बघा. पावसाळ्यात ही माती टायरला अशी चिकटते की चाक फ्रेममध्ये फिरत नाही. तेव्हा पट्टा तीन बंद ठेवायचा. ओल्या पांदणीवर सायकल घातली तर तुमची खाच वाळून पुढचे सात महिने तशीच राहते, आणि त्या खाचेतून बैलजोडीला जावं लागतं.

रस्ता कोणाचा?

म्हणूनच मी लोकेशन देत नाही. पांदण रस्ता हा वावरात जायचा रस्ता आहे. ट्रेल आपल्यासाठी, त्यांच्यासाठी ते काम. गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात, पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं. ई-नकाशा बघून जा. पण धुऱ्यावरची पायवाट सोयीची दिसली म्हणून तिच्यावरून जाऊ नका, ती बहुतेक कोणाच्या तरी शेताची हद्द असते. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत पांदणीवर माणसं, बैल, ट्रॅक्टर सगळे असतात. बैलगाडी समोरून आली तर उतरून बाजूला उभं राहायचं. घंटी वाजवायची नाही, बैल बुजतात. एखाद्या काकांनी विचारलं, “काय करून राहिले बाप्पा इथं?” तर नीट सांगा. पुढच्या वेळी तेच सांगतील की पुढे रस्ता खचलाय.

दुसरं, २०२१ मध्ये आलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत शेत-पांदण रस्त्यांची कामं निघाली. तुमचा आवडता पट्टा एक दिवस मुरूम-गिट्टी टाकून दाबलेला दिसेल. शेतकऱ्याचं भलं झालं, वाईट वाटून घेऊ नका. फक्त जुने आकडे फेकून द्या आणि नवी बेसलाइन काढा.

पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या आसपास फिरू नका, कॅमेरा-ड्रोन तर नाहीच. बोर व्याघ्र प्रकल्पाकडच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल नाही. वाघ आहेत, गंमत नाही. वर्ध्याची हनुमान टेकडी छान आहे, पण तिथे सकाळी लोक फिरायला येतात. तिथे चढाचा सराव करा, उतारावर वेग नको.

सपाटीवर काय कळत नाही?

लांब उतारावर सतत ब्रेक लावल्यावर फोर्क पुढे किती झुकतो आणि डॅम्पर तापल्यावर कसा वागतो, ते आपल्याकडे कळणार नाही. त्यासाठी चिखलदऱ्यासारख्या, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंचीच्या ठिकाणी जावं लागेल, तेही खुल्या रस्त्यांवरच, कारण भोवती मेळघाट आहे. स्पर्धेचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. तशा डोंगराळ ट्रॅकवर जायचं असेल तर शेवटची दोन-तीन क्लिक तिथेच ठरतात. पण सॅग, रिबाउंड आणि टायरची हवा घरूनच पक्की करून गेलात तर तिथला अख्खा दिवस वाचतो.

मग नवीन फोर्क घ्यायचा का?

आता व्हॉइस नोटवाल्या भावाला उत्तर. क्रमानं जा. करंगळीला मुंग्या म्हणजे बहुतेकदा तळहाताच्या बाहेरच्या बाजूची नस दबतेय. आधी हातावर किती भार येतो ते बघ: सीटचं नाक खाली झुकलंय का, हँडल फार लांब आहे का, ग्रिप घासलीय का. मग पट्टा तीनवर टायरची हवा. मग सॅग. मग रपट्यावर रिंग कुठवर जाते ते. फोर्क दबायलाच तयार नसेल तर आधी उघडून साफ करून ग्रीस भरून घे. तुझ्या वजनाची वेगळी स्प्रिंग मिळते का, हेही विचार.

हे सगळं करून मुरमाच्या लाटांवर फोर्क दगडासारखाच लागत असेल, आणि रिबाउंडला नॉबच नसेल, तर मात्र हो, नवीन फोर्क घे. घेताना दोन गोष्टी मोजून जा. फ्रेमची पुढची नळी सरळ आहे की टेपर, आणि जुन्या फोर्कचा प्रवास किती मिमी. ८० मिमीच्या फ्रेमला १२० मिमीचा फोर्क टाकलास तर पुढून सायकल उंच होते आणि वळणावर जड, आळशी लागते.

मुंग्या सायकल सोडल्यावरही तासन्‌तास राहत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल, तर सायकल बाजूला ठेव आणि डॉक्टरला दाखव. ते सेटिंगचं काम नाही.

बाकीच्यांनी या रविवारी फक्त पट्टा एक करा. सॅग मोजा, तुमचं वजन आणि फोर्कचा प्रवास लिहा आणि व्हॉइस नोट पाठवा. आकडे सांगा, लोकेशन नको. पुढच्या भागात भेटू.